बुधवारचा ट्रे, शुक्रवारचं माप

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. या प्रकरणातला घोळ लवकर उघडा पडला तो त्या सुट्टीमुळे. ती मध्ये आली नसती तर ट्रे थेट गाडीत चढले असते.

बुधवारी संध्याकाळी पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे सगळे म्हणतात तसे पीपीचे, ट्रे मशीनवरून उतरले. क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या, मुलाने लांबी मोजली : ५५३ मिमी. ड्रॉइंगवर ५५५, त्यात २ मिमी कमी चालेल अशी सूट. काठावर का होईना, पास. त्याने सही केली आणि गठ्ठे रचून सगळे घरी गेले. शुक्रवारी सकाळी गाडी भरण्याआधी कोणीतरी सहज एक ट्रे क्रेटमध्ये टाकून पाहिला, तर तो आत खुळखुळायला लागला. पुन्हा माप घेतलं : ५४९. क्यूसीच्या मुलावर आधी संशय, मग टेपवर, मग व्हर्नियरवर. दुपारी मालकांचा मला फोन आला, "सर, सुट्टीच्या दिवशी कोणी येऊन ट्रे बदलून गेलं की काय, असं वाटायला लागलंय."

मी व्हॅक्यूम फॉर्मिंगचे मोल्ड डिझाइन करतो आणि बिघडलेली कामं निस्तरायला जातो. प्लास्टिकची शीट तापवून मऊ करायची आणि हवा खेचून मोल्डवर, म्हणजे साच्यावर, बसवायची, हे झालं व्हॅक्यूम फॉर्मिंग. हे प्रकरण लिहायला मालकांची हरकत नव्हती, अट एवढीच की कारखाना ओळखू येऊ नये. म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि मापं सोयीच्या आकड्यांत आणली आहेत. प्लास्टिकचं वागणं मात्र आहे तसंच आहे, ते बदलायची सोय नसते.

कारखाना छोटा. दोन मशीन, दोन्ही इथेच बनलेली : एक फ्रेम, वर-खाली सिरॅमिक हीटर, खाली मोल्डचं टेबल, व्हॅक्यूम टाकी. पंधरा वर्षं एचआयपीएस, म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, आणि थोडं एबीएस, हेही एक कडक प्लास्टिकच, एवढंच काम. चाकणच्या एका ऑटो पार्ट कंपनीला मशीनिंग झालेले छोटे शाफ्ट ठेवायचे ट्रे हे लोक देत होते. ट्रे रिकामे होऊन परत येतात, धुतले जातात, पुन्हा भरले जातात.

एचआयपीएसचे ट्रे तडकायला लागले होते. शाफ्टला गंज लागू नये म्हणून तेल लावतात, ते तेल पॉकेटच्या, म्हणजे शाफ्ट बसायच्या खळग्याच्या, कोपऱ्यात साचतं. फॉर्मिंग होताना तिथेच शीट सर्वांत जास्त ताणलेली आणि पातळ असते. ताण आणि तेल एकत्र आले की पॉलिस्टायरीनला बारीक भेगा पडतात, आणि एक दिवस शाफ्टसकट कोपरा खाली येतो. त्यात ग्राहकाने धुण्याचं मशीन बसवलं, गरम अल्कलीच्या पाण्याचं. तेलाने कमजोर झालेल्या कोपऱ्यांची उरलीसुरली ताकद तिथे गेली. पीपीला तेल, अल्कली आणि ७० अंशांचं पाणी यांचं काही वाटत नाही. तेव्हा ग्राहकाने पीपी मागितलं यात काही चूक नव्हती. एचडीपीई, म्हणजे पॉलिथिलीनचा एक प्रकार, तेही चाललं असतं, पण ते आणखी मऊ आणि आकसायला पीपीहून वाईट. एबीएस तेलापुढे पीपीइतकं भरवशाचं नाही आणि महागही. पीपीची निवड योग्यच होती. चुकलं ते त्यानंतर.

भाव काढला तिथेच

मी पहिल्यांदा कोटेशन मागितलं. मालक जरा नाराज झाले. त्यांना मशीन दाखवायचं होतं. पण माझा अनुभव असा की निम्मे दोष कोटेशनमध्ये आधीच लिहिलेले असतात.

कोटेशन वजनावर काढलं होतं. शीटचा तुकडा ६५० बाय ४५० मिमी, जाडी २ मिमी. घनफळ ५८५ घन सेंटिमीटर. एचआयपीएसची घनता १.०५ धरली तर वजन ६१४ ग्रॅम, पीपीची ०.९०५ धरली तर ५२९ ग्रॅम. एका ट्रेमागे ८५ ग्रॅम वाचले, म्हणून भाव कमी करून दिला. मोल्ड जुनाच वापरायचा होता, म्हणून मोल्डचा खर्च शून्य. सायकल टाइम, म्हणजे एक ट्रे काढायला लागणारा वेळ, जुन्याच ट्रेचा.

तिन्ही गोष्टी चूक. वजनाचं आधी घेऊ, कारण ते कागदावरच सिद्ध होतं. पीपी मऊ आहे. ट्रेसाठी वापरतात त्या ब्लॉक कोपॉलिमरचं, म्हणजे एथिलीन मिसळून चिवट केलेल्या पीपीचं, मॉड्युलस (ताठपणाचा आकडा) साधारण १.२ गिगापास्कल, एचआयपीएसचं २ च्या आसपास. सपाट भाग किती वाकेल हे जाडीच्या घनावर ठरतं. म्हणजे तितकाच ताठपणा हवा असेल तर जाडी २ ÷ १.२ च्या घनमुळाइतक्या पटीने वाढवावी लागते. ते येतं १.१९. २ मिमीच्या जागी २.४ मिमी. आता वजन करा : ६३५ ग्रॅम. एचआयपीएसपेक्षा २१ ग्रॅम जास्त! जे ८५ ग्रॅम वाचणार होते त्यांचाच हा हिशोब.

डिझाइनमध्ये रिब, म्हणजे ताठपणासाठी उठावाच्या पट्ट्या, देऊन जाडी थोडी वाचवता येते हे खरं, पण त्यासाठी मोल्ड नवा लागतो, आणि तो तर नको होता.

वेळेचा हिशोब याहून वाईट. एचआयपीएस गरम करायचं म्हणजे फक्त तापमान वाढवायचं. त्याच्यात स्फटिक नसतात, ते हळूहळू मऊ होत जातं. पीपी अर्धस्फटिकी आहे. त्याचं तापमान वाढवायचं, शिवाय १६० अंशांच्या आसपास त्याचे स्फटिक वितळवायलाही वेगळी उष्णता द्यायची, बर्फ वितळवताना द्यावी लागते तशी. माझा कच्चा हिशोब : जुन्या २ मिमी एचआयपीएसच्या तुकड्याला सुमारे १२० किलोज्यूल, नव्या २.४ मिमी पीपीच्या तुकड्याला सुमारे २३०. जवळपास दुप्पट. आणि जेवढी उष्णता घातली तेवढीच नंतर मोल्डमध्ये बाहेर काढायची. जाडीमुळे उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तिथे आणखी ४४ टक्के. जुनी सायकल सव्वा मिनिटाची होती. पीपीची अडीच मिनिटांच्या खाली येणार नाही हे मी मशीन न बघताच सांगितलं. मालक गप्प झाले. त्यांनी महिन्याचा पुरवठा सव्वा मिनिटावर कबूल केला होता.

मग काय केलं असेल? जे सगळे करतात तेच. हीटर वाढवले.

मामांचा डोळा

मशीनवरच्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणतात. बारा वर्षं याच फ्रेमसमोर. एचआयपीएसची शीट किती तापली हे ते टायमरवर बघत नाहीत, झोळ बघतात. शीट मधोमध पोट सोडते, ते पोट चार बोटं खाली आलं की हीटर मागे आणि मोल्ड वर. एचआयपीएसला ही पद्धत चालते, कारण त्याला घडवण्याची तापमानाची पट्टी रुंद असते. दहा अंश इकडे-तिकडे झाले तरी ट्रे निघतो.

पीपीची शीट वेगळंच नाटक करते. मी मामांच्या शेजारी उभा राहून पंधरा-वीस शीट नुसत्या बघितल्या. आधी ती लाटांसारखी उठते, कडेला सुरकुत्या पडतात. मग अचानक सपाट होते, पापडासारखी ताणून बसते. तिथे नवखा माणूस फसतो, त्याला वाटतं अजून वेळ आहे. त्यानंतर काही सेकंदांत शीट एकदम खाली यायला लागते आणि थांबत नाही. वितळण्याच्या आधी ती जवळपास कडकच असते आणि वितळल्यावर तिच्यात स्वतःला धरून ठेवायची ताकद कमी. मधली पट्टी जेमतेम दहा-बारा अंशांची.

"हिला झोळ बघून पकडायचं म्हणजे," मामा म्हणाले, "पडलेलं मांजर हवेत झेलण्यासारखं आहे."

नैसर्गिक रंगाची पीपी शीट असती तर मामांचं काम सोपं झालं असतं. स्फटिक वितळले की दुधी शीट काचेसारखी होते, आरपार दिसतं. तोच इशारा. पण ग्राहकाला राखाडी ट्रे हवे होते. रंगीत शीटवर हा इशारा हरवतो, फक्त पृष्ठभागाला ओलसर चकाकी येते. त्यावर भरवसा ठेवायला सवय लागते.

वेळ वाचवायला हीटर वाढवले होते, त्यामुळे वरची कातडी १८५ ला पोचायची तेव्हा मधला थर अजून वितळायचा होता. पीपी उष्णतेचा वाईट वाहक आहे. वरून कितीही आग ओता, आत जायला तिला वेळ लागतोच. इन्फ्रारेड गनने मोजलं तर गन फक्त कातडीचं तापमान सांगते, म्हणून लॉगबुकात सगळं छान दिसत होतं. अर्धवट वितळलेला मधला थर मोल्डमध्ये जबरदस्तीने ताणला जातो आणि नंतर स्वतःच्या मूळ आकाराकडे परत ओढतो. ट्रेचे कोपरे ग्रॅनाइट टेबलवर ६ ते ८ मिमी उचललेले होते, त्याचं एक कारण हे.

आम्ही हीटर कमी केले. मधले झोन आणखी कमी, कडेचे थोडे जास्त, कारण कडेची उष्णता फ्रेम खाते. वेळ वाढवून ९५ सेकंद केला. शीट ताणून सपाट झाल्याच्या क्षणापासून मामांनी मनात आकडे मोजायचे, ठरलेल्या आकड्याला मोल्ड वर. दुसऱ्या दिवशी मी खालच्या पेटीत थोडी हवा सोडायची सोय करून घेतली, म्हणजे पडणाऱ्या शीटला खालून उशी मिळते. महागड्या मशीनवर हे प्रकाशकिरणाच्या सेन्सरने होतं. इथे मामांच्या हातातल्या व्हॉल्व्हने झालं.

कोपरे ६ वरून ४ वर आले. सगळ्यांना वाटलं जमलं. मला वाटलं नाही, कारण एका गठ्ठ्यातले ट्रे सरळ होते आणि दुसऱ्या गठ्ठ्यातले, त्याच सेटिंगवर, केळीच्या पानासारखे वळलेले.

शीटचा तुकडा ओव्हनमध्ये

माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम इथे झालं, आणि त्याला ओव्हनमध्ये अर्धा तास पुरला.

ते दोन गठ्ठे शीटच्या दोन वेगळ्या लॉटचे होते. दोन्ही लॉटच्या शीटमधून १०० मिमीचे चौकोन कापले. प्रत्येकावर शीट कोणत्या दिशेने बाहेर आली त्याचा बाण मार्करने काढला. ओव्हनच्या ट्रेवर टाल्कची पूड भुरभुरली, म्हणजे तुकडा चिकटणार नाही, आणि हॉट एअर ओव्हनमध्ये १८० अंशांवर ठेवले. अर्ध्या तासाने काढून थंड करून मोजले. पहिल्या लॉटचा तुकडा बाणाच्या दिशेने ९४ झाला होता, आडवा होता तेवढाच राहिला. दुसऱ्या लॉटचा बाणाच्या दिशेने ८२. चौकोन टाकला आणि आयत निघाला.

मामांनी तो हातात घेऊन उलटा-पालटा केला आणि म्हणाले, "म्हणजे आपण गरम करायच्या आधीच हिच्या पोटात पीळ होता."

होता. शीट बनवणाऱ्या मशीनमधून, म्हणजे एक्सट्रूडरमधून, वितळलेलं पीपी रोलांवर येतं, तीन रोल त्याला दाबतात आणि थंड करतात. पुढचे खेचणारे रोल घाईत असतील तर शीट ताणलेल्या अवस्थेतच गोठते. लांब रेणू त्या दिशेला ओढून बसलेले असतात. शीट सपाट दिसते, जाडी बरोबर असते, कोणालाही दोष दिसत नाही. ती पुन्हा वितळली की रेणू सैल होऊन आखडतात. फ्रेमने कडा धरलेल्या असतात म्हणून ती फॉर्मिंगच्या वेळी आखडू शकत नाही. हा राग ती ट्रे झाल्यावर काढते, तोही एकाच दिशेने.

शीटवाल्याला फोन लावला. तो चांगला माणूस आहे, खोटं बोलला नाही. "सर, माझी शीट सगळीकडे चालते, कधी तक्रार नाही." चौकशी केली तेव्हा कळलं की त्याचा बहुतेक माल फाइल, फोल्डर आणि पॅकिंगचे डबे करणाऱ्यांना जातो. तिथे शीट कापतात, घडी घालतात, शिवतात. कोणी तिला पुन्हा गरम करत नाही! त्या कामाला पोटातला पीळ दिसायचं कारणच नाही. तो त्याच्या जागी बरोबर होता. आपण त्याला थर्मोफॉर्मिंगची, म्हणजे तापवून आकार द्यायची, शीट हवी आहे हे सांगितलंच नव्हतं, ऑर्डरवर लिहिलं होतं : पीपी, ग्रे, २ एमएम.

दुसऱ्या लॉटमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. त्याचा मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळल्यावर ते किती सहज वाहतं त्याचा आकडा, प्रयोगशाळेत काढला, २३० अंश आणि २.१६ किलोवर. पहिल्या लॉटचा अडीचच्या आसपास, दुसऱ्याचा सहा. म्हणजे रिप्रोसेसचा, भंगार पुन्हा वितळवून केलेला, दाणा बऱ्यापैकी होता. पीपी पुन्हा पुन्हा वितळवलं की त्याच्या साखळ्या तुटत जातात आणि ते पातळ वाहतं. वाहणारं पीपी इंजेक्शन मोल्डिंगला चालेल, पण इथे शीटला गरम अवस्थेत स्वतःचं वजन पेलायचं असतं. मामांचं मांजर दुसऱ्या लॉटमध्ये जास्त वेगाने का पडत होतं, ते इथे कळलं. स्वतःच्या ट्रिमिंगचं, म्हणजे ट्रेच्या कडेची जादा शीट कापल्याचं, भंगार शीटवाल्याला परत देऊन त्यातून शीट करून घेणं हा धंद्याचा भाग आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण त्याचं प्रमाण ठरलेलं असावं आणि दर लॉटला तेच असावं.

नव्या ऑर्डरवर आम्ही पाच ओळी लिहिल्या : ब्लॉक कोपॉलिमर, मेल्ट फ्लो ३ च्या आत, जाडी २.४, रीग्राइंड (दळलेलं भंगार) ठरल्याइतकंच, आणि ओव्हनमधला तुकडा लांबीत ९३ च्या खाली जाता कामा नये. होमोपॉलिमर, म्हणजे निव्वळ पीपी, का नाही, असं शीटवाल्याने विचारलं, ते ताठ असतं आणि स्वस्तही पडतं. उत्तर असं की होमोपॉलिमर शून्य अंशांच्या आसपास काचेसारखं वागायला लागतं. ट्रे उत्तर भारतात जाणार आहेत, जानेवारीच्या पहाटे फोर्कलिफ्टवरून पडला तर तुकडे होतील. लांब फांद्यांच्या साखळ्यांचं, गरम असताना न ओघळणारं खास पीपीही मिळतं. या ट्रेला ते परवडणारं नव्हतं.

शीटवाल्याने खेचण्याचा वेग कमी केला, रोलांचं तापमान वाढवलं, आणि थोडे पैसे जास्त मागितले. ते त्याने मागायलाच हवे होते.

जुना मोल्ड

आता मूळ तक्रार. बुधवारी ५५३, शुक्रवारी ५४९.

मोल्ड एचआयपीएससाठी कापला होता, आकसण्याला ०.६ टक्के धरून. म्हणजे मोल्डची लांबी ५५८.४. एचआयपीएस तेवढंच आकसतं, थंड झालं की थांबतं आणि ५५५ वर बसतं. पीपीला थंड होण्याबरोबर पुन्हा स्फटिक बांधायचे असतात. रेणू शिस्तीत रचले गेले की जागा कमी लागते, म्हणून आकसणं दीड ते दोन टक्क्यांपर्यंत जातं. ही रचना ट्रे मोल्डमधून बाहेर आल्यावरही चालू राहते. पहिल्या काही तासांत बरंचसं होतं, उरलेलं एक-दोन दिवसांत. बुधवारी संध्याकाळी मोजलेला ट्रे हाताला कोमट लागत होता. तो अजून पुरता थंडही नव्हता आणि पुरता जमलेलाही नव्हता. मोजणारा बरोबर होता, टेप बरोबर होती. मोजला गेला तो अर्धा झालेला ट्रे.

५५८.४ मधून ५४९ म्हणजे १.७ टक्के. पुस्तकातल्या पट्टीच्या अगदी मधोमध.

मालकांचं म्हणणं होतं की क्रेटमध्ये ६ मिमी सैल बसला तर बसू दे, ग्राहकाशी बोलतो. त्यांना मी पॉकेटं मोजायला सांगितलं. पहिल्या आणि शेवटच्या पॉकेटच्या मध्यांतलं अंतर ४८० हवं होतं, ते पावणेपाचशेवर आलं होतं. मधून मोजलं तर दोन्ही टोकांना अडीच मिमीहून जास्त चूक. माणूस हाताने शाफ्ट ठेवत होता तेव्हा हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण चाकणला आता रोबोट शाफ्ट उचलतो, आणि त्याला १ मिमीच्या पलीकडे काही माफ नाही. मोल्ड नवा करणं भाग होतं. हे ऐकायला मालकांना तीन दिवस लागले. मला त्यात नवल वाटलं नाही, ॲल्युमिनियमचा मोल्ड ही काही दिवाळीची खरेदी नव्हे.

नव्या मोल्डला किती सूट द्यायची? पुस्तकातला आकडा घेऊन मोल्ड कापणं ही दुसरी मोठी चूक ठरते. आकसणं हे ग्रेड, जाडी, मोल्डचं तापमान, शीटचा पीळ, शिवाय भाग उंचवट्यावर बसतो की खळग्यात, यावर ठरतं. उंचवट्यावर बसलेला भाग आकसताना मोल्डलाच आवळतो, म्हणून कमी आकसतो. खळग्यातला मोकळा असतो. या ट्रेची पॉकेटं खळग्यात, कडा मोकळी. आम्ही जुन्याच मोल्डवर नव्या शीटचे वीस ट्रे काढले, नव्या सेटिंगवर, आणि ४८ तासांनी मोजले. शीटच्या दिशेने १.८, आडव्या दिशेने १.५. नवा मोल्ड दोन दिशांना दोन वेगळ्या आकड्यांनी कापला. म्हणून शीट फ्रेममध्ये नेहमी एकाच बाजूने लावायची हे आलंच. शीटवाला आता प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात बाण छापून देतो.

मोल्डमध्ये आणखी चार गोष्टी बदलल्या. पृष्ठभाग पॉलिशचा ठेवला नाही, सँडब्लास्ट केला. गरम पीपी चकचकीत ॲल्युमिनियमवर चिकटून बसतं आणि खाली हवा कोंडली जाते, मग मध्येच फोड दिसतो. व्हॅक्यूमची भोकं ०.७ मिमीची केली, जुन्या १.२ च्या भोकांत पीपी घुसून ट्रेच्या पाठीवर मुरमं उमटत होती. कडेचा मोठा सपाट पट्टा किंचित फुगीर केला आणि त्यावर रिब घेतल्या, कारण पीपीचा सपाट पट्टा सपाट राहतच नाही, डब्याच्या झाकणासारखा टक-टक करतो. आणि पॉकेटमध्ये शीट ढकलणारे प्लग. आधीचे प्लग ॲल्युमिनियमचे होते. गरम शीटला थंड धातू लागला की ती तिथेच गोठते, तळ जाड राहतो आणि भिंती कागदासारख्या होतात. नवे प्लग सिंटॅक्टिक फोमचे केले, ते शीटची उष्णता ओढून घेत नाही. पैसे नसतील तर लाकडावर फेल्ट चिकटवूनही काम निघतं, मी निम्मं आयुष्य त्यावरच काढलं आहे.

सकाळचा ट्रे, दुपारचा ट्रे

नवा मोल्ड आला, ट्रे मापात आले, पण सकाळचे ट्रे दुपारच्या ट्रेपेक्षा अर्धा-पाऊण मिमी मोठे. कोपरेही सकाळी जास्त उचललेले.

हे मात्र लगेच सापडलं. मोल्डमधून चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचं, १५ अंशांचं पाणी फिरत होतं, एचआयपीएसच्या सवयीने. सकाळी मोल्ड गार, दुपारपर्यंत एकामागून एक ट्रे काढून गरम. पीपी किती लवकर थंड झालं यावर स्फटिक किती बांधले जातात ते ठरतं. गार मोल्डला चिकटलेली बाजू झटकन गोठते, हवेकडची बाजू सावकाश थंड होते आणि जास्त आकसते. दोन बाजूंचं भांडण म्हणजे वाकलेला कोपरा. गार मोल्डमुळे सायकल वाचते असं वाटतं खरं, पण ती वाचलेली सेकंदं नंतर ट्रे वाकवून वसूल होतात.

चिलर बंद करून मोल्डचं तापमान ४५ अंशांवर धरणारं छोटं युनिट बसवलं. वरच्या बाजूला चार पंखे लावले, हवेकडच्या बाजूलाही मोल्डइतकीच थंड व्हायची घाई असावी म्हणून. मोल्डमधला वेळ ५५ सेकंद. काढलेला ट्रे लगेच गठ्ठ्यात न टाकता ॲल्युमिनियमच्या साध्या चौकटीवर पालथा ठेवायचा, दोन ट्रे पुढचे येईपर्यंत. पूर्वी गरम ट्रे एकात एक रचत, मग खालच्या ट्रेवर वरच्यांचं ओझं आणि मधले ट्रे तासन् तास गरम. तेही आकसण्यात भर घालत होतं.

सायकल शेवटी दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर स्थिरावली. दोन शिफ्ट चालवून महिन्याचा पुरवठा कसाबसा पुरा होतो. मालक ग्राहकाकडे जाऊन भाव वाढवून आले. पहिल्यांदा नकार मिळाला, मग त्यांनी वजनाचा आणि उष्णतेचा तोच हिशोब कागदावर मांडून दिला. ग्राहकाचा खरेदी विभाग उष्णतेच्या हिशोबाने पाघळला असेल असं मला वाटत नाही. तडकलेल्या ट्रेमधून पडलेल्या शाफ्टची किंमत त्यांना माहीत होती, तिथे काम झालं असावं.

ट्रिमिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पीपी तुटत नाही, ओढलं जातं. पाती बोथट असली की कडेला केसांसारखे धागे लोंबतात. पाती महिन्यातून दोनदा बदलतात. ट्रिमिंग त्याच दिवशी करायचं की ४८ तासांनी, यावर मालक आणि मी अजून भांडतो. जागा नसल्यामुळे ते त्याच दिवशी करतात, आणि कडेचं माप अर्धा मिमी जास्त ठेवून सांभाळून घेतात. रोबोटला कडा लागत नाही, पॉकेटं लागतात, म्हणून चालून जातं.

ट्रेवर ग्राहकाचं नाव छापायचं राहून गेलं होतं. शाई पीपीवर टिकत नाही, नखाने निघते, आधी ज्योत किंवा कोरोना (विजेचा झोत) मारावा लागतो. ते न करता नाव मोल्डमध्येच कोरलं. हे एक काम पहिल्या झटक्यात जमलं.

क्यूसीच्या टेबलावर आता दोन रकान्यांचं रजिस्टर आहे : उतरतानाचं माप आणि ४८ तासांनंतरचं माप. पहिल्या रकान्यावर कोणी सही करत नाही. बुधवारचे ट्रे शनिवारी गाडीत चढतात.

हिवाळ्यात मोल्ड ४५ ला पोचायला सकाळचा अर्धा तास लागतो. त्या वेळात निघालेले पहिले सहा-सात ट्रे मामा बाजूला फेकतात, मोजायचे कष्टही घेत नाहीत. मालकांनी एकदा विचारलं, न मोजता कसं कळतं? मामांनी एक ट्रे उचलून अंगठ्याने कड दाबली. टक. "हा बघा, बोलला," म्हणाले, आणि ग्राइंडरच्या पिंपात टाकला.